तोफगोळ्याचा जुना फ्यूज मिळालाय, तो कुठला आणि कधीचा हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न वाचला. फ्यूज म्हणजे गोळ्याच्या नाकावर बसवलेला, गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा भाग. काकांच्या कपाटात मुठीएवढा पितळेचा शंकू मिळाला, त्याला मधे एक कडी आहे, कडीवर ० पासून २२ पर्यंत आकडे, अंगावर '८०', एक बाण, दोनतीन अक्षरं आणि कुठेतरी '६/१६'. तुम्ही विचारताय की हा १८८० सालचा ब्रिटिश फ्यूज आहे का, तो कुठल्या लढाईतला असेल, आणि खोलून आतून साफ केला तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. खोलू नका. कडी फिरवून बघू नका, पाना लावू नका, खालचं बूच काढू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, गरम पाण्यात किंवा ओव्हनमध्ये तर अजिबात टाकू नका. हा तुकडा निकामी आहे असं कुणा जाणकाराने हातात घेऊन, तपासून सांगितलेलं नसेल तर तो जिवंत आहे असंच धरायचं. 'शंभर वर्षं कपाटात होता, काही झालं नाही' हे मी खूप वेळा ऐकलंय, पण दारूला वय कळत नाही, कोरडी राहिली की ती पहिल्या दिवसासारखीच पेटते. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये यादवी युद्धातला एक गोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला, गोळा तेव्हा १४० वर्षांपेक्षा जुना होता. २०१४ मध्ये बेल्जियममध्ये ईपरजवळ बांधकामावरचे दोन कामगार पहिल्या महायुद्धातल्या गोळ्याने गेले.

तुमच्या वर्णनावरून हा जो प्रकार वाटतोय त्यात स्फोट घडवणारा डिटोनेटर नसतो, साधी काळी दारू आणि टिकल्या असतात, त्याचं काम फक्त ज्वाळा खाली पोचवणं एवढंच. पण बंद पितळेत थोडी दारू पेटली तरी बोटं आणि डोळे जायला पुरेशी आहे. आणि स्फोटक गोळ्यांचे फ्यूज तर याहून वाईट, त्यातल्या काहींत लेड अझाइड हे नाजूक स्फोटक असतं आणि दमटपणात त्याचा तांब्या-पितळेशी संयोग होऊन कॉपर अझाइड तयार होऊ शकतं, ते नुसत्या घासण्याने फुटू शकतं. म्हणून आत्ता तो आहे तिथेच राहू द्या, मुलांच्या हाताला लागणार नाही एवढं बघा, पोलिसांना कळवा, ते बॉम्बशोधक पथकाला बोलावतील. ते लोक एक्स-रे काढून आत काय आहे ते सांगू शकतात, मी फोटोवरून ते सांगू शकत नाही आणि कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता ओळखीचं. मी गेली बावीस वर्षं जुन्या दारूगोळ्याचे तुकडे ओळखायचं काम करतोय, संग्रहालयांसाठी आणि खाजगी संग्राहकांसाठी, आणि या विषयात लोक अडकतात ते बहुतेक एकाच ठिकाणी. 'हा कुठला' या एका प्रश्नात खरे चार प्रश्न असतात: डिझाईन कुणाचं, बनवला कुणी, दारू कधी भरली, आणि शेवटी वापरला कुणी. चारही उत्तरं वेगवेगळी निघू शकतात. तुमचाच फ्यूज बघा ना, तो जर ब्रिटिशांचा ८० नंबर असेल, आणि वर्णन तर तसंच आहे, तर त्याचं डिझाईन मुळात जर्मनीतल्या क्रुप कंपनीचं. विकर्स या ब्रिटिश शस्त्र कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या कितीतरी आधी त्याचं लायसन्स घेतलं होतं, मग १९१४ ला युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश तोफखाना जर्मन पेटंटचा फ्यूज लाखोंनी जर्मनांवर डागत राहिला, आणि युद्ध संपल्यावर क्रुपने विकर्सकडे त्याची रॉयल्टी मागितली. आता अशा वस्तूचं 'मूळ' एका शब्दात काय सांगणार?

मी स्वतः शिक्के नंतर वाचतो. आधी आकार आणि यंत्रणा. शिक्के झिजतात, अर्धे पुसतात, डोळ्याला हवं ते दिसायला लागतं, पण फ्यूज काम कसं करतो ते त्याच्या अंगावरूनच कळतं आणि ते खोटं बोलत नाही.

फिरणारी आकड्यांची कडी आहे म्हणजे वेळेचा फ्यूज. आत दोन कड्यांमध्ये गोल खाच असते आणि त्या खाचेत दारू ठासलेली. तोफ उडाली की झटक्याने आतली टिकली सुईवर आदळते, ती वरच्या कडीतली दारू पेटवते, आग खाचेतून सरकत सरकत खालच्या कडीत उतरते, तिथून पुढे जाऊन तळातल्या दारूला लागते. खालची कडी जेवढी फिरवाल तेवढा आगीचा रस्ता लांब किंवा आखूड होतो, एवढीच युक्ती. बऱ्याच वेळा याच्याच पोटात आदळल्यावर पेटणारी दुसरी यंत्रणाही असते, म्हणजे हवेत नाही फुटला तर निदान जमिनीवर फुटेल. ब्रिटिश त्याला टी अँड पी म्हणतात, टाइम अँड पर्कशन, जर्मन डॉपेलझ्युंडर म्हणतात आणि अंगावर 'डॉप झेड' असं लिहितात.

कडीच नाही, नुसतं टोक आहे, त्यात एखादी पिन किंवा हातोडीसारखा छोटा खिळा आहे, तर तो आदळून फुटणारा. यातला ब्रिटिश १०६ नंबर सहज ओळखू येतो, लांब निमुळत्या नाकाचा, हातोडीखाली पितळी पट्टी गुंडाळलेली आणि पट्टीच्या टोकाला छोटं वजन, गोळा गरगर फिरत निघाला की ती पट्टी हवेत उलगडून जायची आणि मगच फ्यूज सज्ज व्हायचा. काटेरी तारा तोडायला १९१७ पासून तो मोठ्या प्रमाणात आला, कारण त्याआधीचे गोळे जमिनीत घुसून फुटायचे आणि तारा तशाच राहायच्या.

फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटर तोफेचा वेळेचा फ्यूज तर लांबूनच कळतो. त्याला फिरणारी कडीच नाही, शंकूच्या अंगावर गोल गोल चढत जाणारी भोकांची रांग असते, भोकाशेजारी आकडे, आत दारू भरलेली शिशाची नळी गुंडाळलेली. तोफेजवळच्या एका यंत्रात गोळ्याचं नाक घालायचं आणि दांडा दाबून हव्या त्या भोकातून नळीला छिद्र पाडायचं, आग तिथून आत शिरायची. माझ्याकडे एकदा असा फ्यूज आला, मालकाला वाटत होतं की नंतर कुणीतरी ड्रिलने खराब केलाय, प्रत्यक्षात तेच एक छिद्र त्या फ्यूजवरची सगळ्यात मोलाची खूण होती. त्यावरून तो किती वेळासाठी लावला होता ते कळत होतं.

आणखी मागे गेलात तर लाकडाचे फ्यूज मिळतात, बीच लाकडाचा निमुळता खुंटा, बाजूला भोकांची रांग, ते ब्रिटिश रॉयल लॅबोरेटरीच्या बॉक्सर यांच्या पद्धतीचे. अमेरिकन यादवी युद्धातला बोरमन फ्यूज म्हणजे शिसं आणि कथील मिसळून केलेली चपटी चकती, वर घड्याळासारखे आकडे, सव्वापाच सेकंदांपर्यंत, डिझाईन बेल्जियन अधिकाऱ्याचं. आणि दुसरीकडे, आत दारूच्या खाचेऐवजी घड्याळाची चक्रं असतील तर तो पुढच्या काळातला, कारण विमानांवर मारा करताना उंचीवर हवा विरळ होते, दारू हळू जळते, वेळ चुकते, म्हणून घड्याळी फ्यूज आले आणि जर्मनीत ते बनवणाऱ्यांत थिल आणि युंगहान्ससारख्या घड्याळाच्याच कंपन्या होत्या.

यानंतर कडीवरच्या खुणा. आकडे कशाचे आहेत ते बघा, याकडे नवीन लोक लक्षच देत नाहीत आणि मला तर हे शिक्क्यापेक्षा उपयोगी वाटतं. अमेरिकन १९०७ मॉडेलवर सरळ सेकंद, २१ पर्यंत. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन फील्ड गनच्या फ्यूजवर अंतर, शंभर शंभर मीटरच्या हिशोबाने. ब्रिटिश ८० नंबरवर ० ते २२, हे धड सेकंद नाहीत आणि अंतरही नाही, नुसत्या खुणा, तोफेच्या तक्त्यात बघून कुठल्या अंतराला कुठली खूण ते ठरवायचे. म्हणजे एकही अक्षर वाचता आलं नाही तरी तुम्ही लिहिलेल्या ० ते २२ वरून मी पहिल्यांदा ब्रिटिशांकडेच वळलो असतो. पण तेवढ्यावर थांबायचं नाही, रशियन तीन इंची तोफेचा फ्यूज २२ सेकंदांचा होता, तिथे अक्षरं रशियन लिपीतली असतात, त्यामुळे आकडे आणि लिपी दोन्ही जुळवायची.

आता तुमचा '८०' आणि १८८० चा प्रश्न. ही चूक अगदी नेहमीची आहे. फ्यूजवरचा मोठा आकडा प्रत्येक देशात वेगळं काहीतरी सांगतो. ब्रिटिश '८०' किंवा '१०६' म्हणजे नोंदवहीतला नंबर, वर्षाशी संबंध नाही, त्यापुढचा रोमन आकडा म्हणजे मार्क, सुधारणेचा क्रम. जर्मन 'डॉप झेड ९२' मध्ये ९२ म्हणजे मात्र खरंच १८९२, पण ते डिझाईनचं वर्ष, तसंच 'एच झेड ०५' म्हणजे १९०५ चा हॉवित्झरचा, म्हणजे उंच कमानीत मारा करणाऱ्या तोफेचा फ्यूज. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन 'एस/३०' मात्र ३० सेकंदांचा घड्याळी फ्यूज, तिथे वर्ष शोधलं की फसलात. फ्रेंच '२२/३१' किंवा '२४/३१' ही मिलिमीटरमधली मापं. जपानी 'टाइप ८८' म्हणजे जपानी शाही सन २५८८, आपल्या हिशोबाने १९२८. आणि जपानी फ्यूजवर बनवल्याचं वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीचं असतं, शोवा असेल तर त्या आकड्यात १९२५ मिळवायचे, तैशो असेल तर १९११, म्हणजे शोवा १६ म्हणजे १९४१.

एकाने माझ्याकडे 'डॉप झेड ९२' आणला होता, १८९२ चा म्हणून बरेच पैसे देऊन घेतलेला. तळाच्या कडेवर, अगदी आट्यांच्या वर, बारीक १९१५ होतं. विकणाऱ्याने फसवलं असेलच असं नाही, त्यालाही बहुतेक माहीत नव्हतं. पण तारीख शोधायची ती कायम बारीक अक्षरांत, मोठ्या अक्षरांत नाही. तुमचं '६/१६' म्हणजे बहुधा जून १९१६, ब्रिटिश फ्यूजवर महिना आणि वर्ष असं लिहायची पद्धत होती. आणि एकाहून जास्त तारखा दिसल्या तर गोंधळू नका, सांगाडा एका ठिकाणी बनायचा, दारू दुसरीकडे भरली जायची, मधे कधी दुरुस्तीला परत जायचा, प्रत्येक ठिकाणी शिक्का बसायचा. मी दोन तारखा असतील तर दोन्ही लिहून ठेवतो आणि पुढची तारीख भरण्याची असावी असं धरून चालतो, पण जवळचा दुसरा पुरावा मिळेपर्यंत 'असावी' हा शब्द काढत नाही.

बाणाबद्दल. तो रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता, कारखान्याची खूण नव्हे. बाणाभोवती काय आहे ते नीट बघा: बाण सी अक्षराच्या आत असेल तर कॅनडा, यू मध्ये असेल तर दक्षिण आफ्रिका, दोन डी च्या मधे असेल तर ऑस्ट्रेलिया, बाणाखाली आय असेल तर भारत. कारखान्याची अक्षरं वेगळी: आर एल म्हणजे वुलिचची रॉयल लॅबोरेटरी, व्ही एस एम म्हणजे विकर्स सन्स अँड मॅक्सिम, ई ओ सी म्हणजे एल्सविक, के एन म्हणजे किंग्ज नॉर्टन. अमेरिकन फ्यूजवर एफ ए दिसलं तर फिलाडेल्फियाचं फ्रँकफर्ड आर्सेनल. दुसऱ्या महायुद्धात जर्मन कारखान्यांनी नावाऐवजी छोट्या लिपीतली गुप्त अक्षरं वापरली, बहुतेक तीन अक्षरी, ती यादीत बघितल्याशिवाय अंदाजाने वाचायची नाहीत. १९१५ नंतरचे ब्रिटिश फ्यूज ओळखताना जास्त त्रास होतो, त्या वर्षी गोळ्यांचा तुटवडा झाला म्हणून म्युनिशन्सचं, म्हणजे दारूगोळ्याचं वेगळं मंत्रालय काढलं, आणि ज्यांनी आधी कधी फ्यूज बनवला नव्हता असे कितीतरी कारखाने कामाला लागले, त्यामुळे सगळीच अक्षरं उलगडतील असं नाही. एखादं अक्षर नाही उलगडलं तर तसंच लिहून ठेवा, जबरदस्तीने कुठल्यातरी कंपनीला चिकटवू नका, चुकीचं नाव एकदा लिहिलं की पुढची वीस वर्षं तेच कॉपी होत राहतं.

धातूवरूनही काळ थोडा कळतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी झाल्यावर त्यांना तांबं-पितळ पुरेना, मग त्यांच्या फ्यूजमध्ये जस्त, लोखंड, अॅल्युमिनियम जास्त दिसायला लागतं, म्हणून राखाडी, खडबडीत, फुगून तडकलेला जर्मन फ्यूज हातात आला की मी युद्धाच्या उत्तरार्धाकडे झुकतो. पण एवढ्यावरून वर्ष ठरवत नाही. ब्रिटिशांकडेही अॅल्युमिनियम वापरलेलं आहे, त्यामुळे धातू हा जोडपुरावा, मुख्य पुरावा नाही.

थोडक्यात क्रम असा: यंत्रणा, मग कडीवरच्या खुणा कशाच्या, मग मोठा आकडा त्या देशाच्या पद्धतीने वाचायचा, मग बारीक शिक्के आणि तारखा, आणि धातू सगळ्यात शेवटी. हे सगळं फोटोवरून होतं, हात न लावता.

आता लढाईचा प्रश्न. इथे मला तुम्हाला निराश करावं लागेल. फ्यूजवरून लढाई कळत नाही. १९१६ च्या जूनमध्ये बनलेला फ्यूज फ्रान्समध्ये सॉमच्या लढाईला गेला असेल, इजिप्तला गेला असेल, किंवा १९१८ पर्यंत कोठारात पडून असेल. तो डागला गेला होता की नाही एवढं मात्र बऱ्याचदा सांगता येतं. नाक चेपलेलं, बाजूला ओरखडे, वायू बाहेर पडायच्या भोकांभोवती जळल्याचा काळेपणा, आट्यांमध्ये माती घट्ट बसलेली, तर तो डागलेला. ८० नंबर डागूनही एवढे शाबूत का मिळतात असं लोक विचारतात, त्याचं कारण तो मुख्यतः छर्ऱ्यांच्या गोळ्यावर असायचा. अठरा पौंडी तोफेच्या त्या गोळ्यात सुमारे ३७५ छर्रे असायचे आणि हवेत वेळ झाली की तळातली दारू त्यांना पुढे ढकलून द्यायची, बंदुकीतून निघावेत तसे, गोळ्याचं कवच फुटायचं नाही, नाक फ्यूजसकट उडून पडायचं. म्हणून अख्खा फ्यूज मिळतो. स्फोटक गोळ्याच्या फ्यूजचे तुकडेच सापडतात, आणि तो अख्खा मिळाला तर जास्त काळजी करायची, कारण याचा अर्थ बहुतेक तो फुटलाच नाही. आणि हो, 'डागलेला आहे म्हणजे रिकामा आहे' हे गणित चालत नाही, एक यंत्रणा जळून दुसरी तशीच शाबूत राहिलेली मी बघितली आहे.

कडी एखाद्या आकड्यावर थांबलेली असेल तर तो गोळा त्या खुणेवर लावला होता असं म्हणता येतं, पण मधल्या शंभर वर्षांत कुणी फिरवली नसेल तरच, म्हणून मी ती गोष्ट नोंदीत 'सापडला तेव्हा' अशी लिहितो.

सापडण्याच्या जागेवरूनही घाईने काही ठरवू नका. सुरुवातीच्या काळात मी एक जर्मन शिक्क्यांचा फ्यूज नुसत्या शिक्क्यावरून 'जर्मन सैन्याने वापरलेला' असं लिहून दिला होता. नंतर त्या कुटुंबाकडून कळलं की तो तुर्कस्तानातल्या गलीपलीहून आला होता, तिथे समोर ऑटोमन सैन्य होतं आणि त्यांच्याकडे क्रुपच्या तोफा होत्या. बनवणारे जर्मन, वापरणारे तुर्क. नोंद मी बदलली, पण तेव्हापासून बनवणारा आणि वापरणारा हे दोन वेगळे रकाने ठेवतो. वापरणाऱ्याचा रकाना भरायला वस्तू पुरत नाही, त्याला कागद लागतात: काकांना तो कुणी दिला, त्या घरातलं कोण सैन्यात होतं, कुठल्या तुकडीत, एखादं पत्र, जुना फोटो, पेटीत त्याच्यासोबत आणखी काय होतं. घरातल्या वयस्कर माणसांना हे आत्ताच विचारा आणि ते जसं बोलतील तसं लिहून ठेवा, तारीख घालून. त्या वेळी सैनिक असे फ्यूज आठवण म्हणून घरी आणायचे, घासून पुसून पेपरवेट करायचे, दौतीला बसवायचे, त्यामुळे चकचकीत असला तर कुणीतरी तो आधी हाताळलेला आहे एवढंच त्यातून कळतं.

शोधायला लागाल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा, इंग्रजीत तोफगोळ्याच्या फ्यूजचं स्पेलिंग झेड घालून करतात, एस घालून शोधलंत तर विजेचे फ्यूज येत राहतील.

पथकाने बघून 'निकामी आहे' असं लेखी दिलं की मग मला चार फोटो पाठवा. एक बाजूने, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. एक वरून नाकाचा. एक तळाचा, त्यात आटे आणि मधलं भोक दिसायला हवं. आणि चौथा शिक्क्यांचा, दिवा अगदी आडवा, जवळजवळ जमिनीला टेकवून लावा म्हणजे बारीक अक्षरांची सावली पडते, फ्लॅश मारू नका, पितळेवर सगळं पांढरं होतं. शिक्के गोल फिरत असतील तर तुकडा थोडा थोडा वळवून पाचसहा फोटो घ्या. त्यात मला मार्कचा रोमन आकडा, बाणाभोवतीचं अक्षर आणि '६/१६' च्या शेजारी काय आहे एवढं दिसलं, तर चारपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी बऱ्यापैकी खात्रीने देऊ शकेन.